मास्तरांची खडूची खूण

मंगळवार, ४ मार्च. पहाटे गारठा, दुपारी ऊन. चादरी चार वाजेपर्यंत वाळल्या. दातांच्या डॉक्टरबाईंची हिरवी गाडी एकवीस दिवसांनी सव्वाचारला खालून गेली. भावाला चहासाठी दोनदा हाक मारावी लागली. किटलीची शिट्टी बिघडलेली दिसते. व्हिनेगरमध्ये भिजत घातली.

ही नोंद मास्तरांच्या थोरल्या बहिणीची. साठ वर्षं ताई रोज दिवेलागणीला वही लिहीत आल्या आहेत. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टरांनी त्यांना एक शिस्त लावली होती, ती त्यांनी कधी मोडली नाही. जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. यजमान गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या तेव्हा बरोबर दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत वह्या. “कपड्यांची मी एका हातानं वर नेली,” मास्तर अजून सांगतात, “वह्यांच्या ट्रंकेला मात्र क्रेन लागली.”

मास्तर म्हणजे कुठल्या शाळेचे मास्तर नव्हेत. रस्त्याच्या टोकाला, रंगाच्या दुकानाला लागून जे लांबोडकं गॅरेज आहे ते त्यांचं. वर तीन खोल्या, मधे लोखंडी जिना. वय अडुसष्ट, अंगावर निळा डगला, वरच्या खिशात कायम पांढरा खडू.

एकोणिसाव्या वर्षी ते बसच्या डेपोत सुटे भाग धुवायला लागले. एकदा आत शिरणाऱ्या बसकडे न बघताच ते फोरमनला म्हणाले, “साहेब, हिचा गिअरबॉक्स आठवडा काढणार नाही.” फोरमननं त्यांना भाग धुवायला परत पाठवलं. पाचव्या दिवशी बस पुलावर बसली. तेव्हापासून मास्तरांचा कान हे डेपोतलं एक सामायिक हत्यार झालं. पुढे स्वतःचं गॅरेज टाकल्यावर तर लोक फोन लावून रिसीव्हर इंजिनाजवळ धरायचे. एका गिऱ्हाइकानं गंमत म्हणून तो शिलाई मशीनजवळ धरला. मास्तर म्हणाले, “तेल घाला, आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा.”

गॅरेजमध्ये एक रिवाज होता. गाडी कुणीही दुरुस्त केलेली असो, शेवटची फेरी मास्तरांची. काचा वर, रेडिओ बंद, शेजारी कुणी बसायचं नाही. परत आल्यावर ते खडूनं पुढच्या काचेच्या कोपऱ्यात एक बरोबरची खूण करायचे. ती खूण झाली की काम संपलं. त्यावर चर्चा नाही. चाळीस वर्षांत कुणी केलीही नव्हती.

त्यांची लेक पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करत होती. बेताच्या उंचीची, चपळ, जिथे दुसऱ्याचा हात जात नाही तिथे हिचा जाणार, म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘दहा नंबर’. “दहा नंबरचा पाना,” ते म्हणायचे, “सगळ्यांत लहान, सगळ्यांत जास्त लागणारा, आणि नेमका हवा तेव्हा जागेवर नसणारा.”

आता त्या हिरव्या गाडीविषयी. दोन माणसांची, लांब नाकाची, पन्नासएक वर्षांपूर्वीची स्पोर्ट्‌स कार. दातांच्या डॉक्टरबाईंनी ती भंगारात जाता जाता वाचवली होती आणि दर रविवारी त्या ती स्वतः चालवत. खड्ड्यात गेली की मागून ‘धप्’, आणि वळणावर पुढची बाजू बाईंचं ऐकायची तर मागची आपल्या मर्जीनं चालायची. या गाडीचं मागचं सगळं एका लोखंडी पिंजऱ्यात बसवलेलं असतं. मधोमध डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा दातेरी चाकांचा डबा. त्याच्या दोन्ही अंगांना ब्रेक, पुढे एक्सेल, खाली आर्म, आणि एकेका चाकाला दोन अशा चार स्प्रिंगा. काही करायचं म्हटलं तरी आख्खं धूड खाली उतरवावं लागतं.

बापलेकीनं ते उतरवलं. पिंजरा ज्या रबरांवर टांगलेला होता ती कुजून चिंधी झाली होती. शॉक ॲब्सॉर्बर तेल गाळून मोकळे झालेले. डिफरन्शियलच्या सीलांचा दगड झालेला, बेअरिंगं खाल्लेली. सगळं नवं घातलं. राहता राहिले क्राउन आणि पिनियन. ही दोन दातेरी चाकं एकमेकांत किती खोल बसवायची हा सगळा केसाएवढ्या अंतराचा खेळ. शिम नावाच्या पातळ पोलादी चकत्या घालून-काढून ते जमवावं लागतं. बाकीचे मेकॅनिक दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते बघतात. मास्तरांनी रंग कधी लावला नव्हता. “लाली लावून ही काय नाटकात उभी राहणार आहे?” ते म्हणत, हातानं पिनियन फिरवत, कान डब्याला लावत आणि शिम निवडत.

मंगळवारी शेवटची फेरी झाली, खडूची खूण झाली, गाडी गेली.

शुक्रवारी सकाळी ती परत आली. डॉक्टरबाई उतरल्या, पण दार लावेनात.

“मास्तर, धप् गेलं. वळणावर तर अशी चालते, जणू रुळांवर ठेवलीय. पण...”

“पण काय?”

“गाडी रडते हो.”

मास्तर हसले. “जुन्या गाड्या थोड्या बोलतातच, बाई.”

“बोलत नाही, रडते. साठच्या पुढे गेलं की बारीक सूर लागतो. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. परवा आईला घेऊन गेले होते, ती म्हणाली, अगं कुत्र्याचं पिल्लू अडकलंय का खाली?”

मास्तर शेजारच्या सीटवर बसले आणि बाईंनी गाडी मोठ्या रस्त्यावर नेली. साठला काटा लागला. बाईंनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, आणि दर वेळी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना वारा ऐकू येत होता, टायरांची घरघर ऐकू येत होती, पुढून इंजिनाचा जाडसर आवाज येत होता. सूर कुठेच नव्हता. त्यांनी डोळे मिटून पाहिलं. डोकं खाली वाकवून पाहिलं. काही नाही.

“आता,” बाई म्हणाल्या. “आत्ता बघा किती स्पष्ट.”

मास्तरांनी हातानंच गाडी परत वळवायला सांगितलं.

गाडी आवारात शिरली तेव्हा लेक दारातच उभी होती. मास्तर उतरून सरळ तिच्यासमोर गेले.

“तुला ऐकू आलं?”

तिनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

“तुझ्याशी बोलतोय मी. सूर ऐकू आला?”

“आला.”

“मंगळवारी? मी फेरीवरून परत आलो तेव्हा?”

“तुम्ही मोठ्या रस्त्यावर होतात तेव्हाच इथपर्यंत येत होता, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही खूण केली होती ना!” तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही खूण केल्यावर मी काय सांगणार, गाडी ओरडतेय म्हणून?”

डॉक्टरबाईंनी किल्ली हळूच टेबलावर ठेवली, “घाई नाही, मास्तर,” म्हणाल्या आणि चालत निघून गेल्या. मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं. एक गाडी बिघडणं वेगळं. मेकॅनिकच्या हातून ते होतं, तो पुन्हा खोलतो. पण ज्या कानावर त्यांनी गॅरेज उभं केलं तोच गेला असेल, तर त्या खुणेला काय किंमत? आणि खूण नसेल तर मग त्या निळ्या डगल्यात राहिलं कोण?

ते जिना चढून वर गेले. ताई खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या.

“ताई, तुझी वही काढ.”

“आजची अजून लिहिली नाही.”

“आजची नको. मला सांग, किटलीची शिट्टी ऐकून मी आपणहून चहाला वर आलो, असं शेवटचं कधी लिहिलंयस?”

ताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून ट्रंकेतून एक वही आणली, पानं उलटली, थांबल्या.

“मागच्या वर्षी, ११ जानेवारी. ‘शिट्टीला भाऊ लगेच वर आला, मी अजून कप पुसत होते.’”

“नंतर?”

“२ फेब्रुवारी, एक हाक मारली. १९ मे, दोन हाका. ऑगस्टमध्ये रेडिओ चारवर असायचा तो सातवर गेला. ८ नोव्हेंबर, दारावरच्या घंटीसाठी माणूस बोलावला. तो म्हणाला घंटी ठणठणीत आहे.”

“चौदा महिने,” मास्तर म्हणाले. “चौदा महिने तू हे असं एकाखाली एक लिहीत बसलीस. आणि किटली व्हिनेगरमध्ये बुडवलीस?”

“किटलीवर गाळ चढतोच.”

“ताई!”

ताईंनी वही मिटली. “कळलं होतं रे मला. घंटीवाला जिना उतरला तेव्हाच कळलं होतं. पण तू दिवसभर खाली कान लावून उभा असतोस. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?”

“म्हणजे तू बोलली नाहीस, ती बोलली नाही. सगळ्यांनी मिळून मला शहाणा ठेवला.” मास्तरांनी डगल्याच्या खिशातून खडू काढून टेबलावर आपटला, त्याचे दोन तुकडे झाले. “लिही. आजपासून गॅरेज पोरीचं. मी रिटायर.”

“घडलं की लिहीन,” ताई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

खाली आवाज सुरू झाला होता. मास्तरांना तो ऐकू आला. जाड आवाज त्यांना अजून येत होते. ट्रॉली जॅकचं दांडकं वरखाली होत होतं. मेकॅनिकला दुसऱ्याचा जॅक ऐकत बसता येत नाही. शेवटी ते खाली गेले. लेकीनं गाडीची मागची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली होती आणि ती खाली सरकली होती. नुसते बूट दिसत होते.

“डावा घोडा तिरका आहे,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे,” बूट म्हणाले. “तुम्ही खाली याल की नाही ते बघत होते.”

मास्तरांना हसू आलं नाही, पण राग निम्मा उतरला. त्यांनी घोडा सरळ केला.

“बाबा, मी क्राउन-पिनियन एकटीनं कधी बसवलेला नाही. दर वेळी शिम तुम्ही निवडलीत. आणि कशी निवडलीत विचारलं की सांगायचात, कानानं.” ती बाहेर सरकली, गालावर काळा पट्टा. “कान गेले असतील थोडे. डोळे आहेत ना? बोटं आहेत ना?”

“मग?”

तिनं खिशातून पिवळ्या रंगाची ट्यूब काढली. तिचं टोपण कधी उघडलेलंच नव्हतं. “मग ही लाली.”

या वेळी धूड लवकर उतरलं. सगळे बोल्ट नुकतेच बसवलेले होते. सायलेन्सर काढला, ब्रेकच्या नळ्या सोडल्या, पिंजऱ्याखाली ट्रॉली जॅक घेतला, रबरांचे बोल्ट काढले. लेकीनं जॅकचा वाल्व सोडला आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा तोल सांभाळला. डिफरन्शियल बाकावर आलं. मागचं झाकण उघडलं.

मास्तरांनी ब्रशनं क्राउनच्या पाच-सहा दातांना पिवळा रंग लावला. आयुष्यात पहिल्यांदा. लेकीनं क्राउनला लाकडाची फळी दाबून धरली, म्हणजे दातांवर जोर येईल, आणि मास्तरांनी पिनियन फिरवला. मग दोघांनी टॉर्च घेऊन आत पाहिलं. पिनियन जिथे घासला तिथला रंग पुसला होता. ठसा दाताच्या मधे पडायला हवा होता. तो पडला होता अगदी शेंड्यावर, नखाएवढा.

मास्तरांनी टॉर्च आणखी जवळ धरला. चूक कानाला कळली नव्हती. इथे ती पिवळी धमक समोर होती.

“पिनियन बाहेर राहिलाय,” ते म्हणाले. “शिम जाड हवी. मीच पातळ घातली.”

दुपारी दवाखाना बंद असताना डॉक्टरबाई गाडी बघायला डोकावल्या. त्या वेळी दुसऱ्या शिमेचा ठसा समोर होता. तो आता शेंडा सोडून पार दाताच्या मुळाशी गेला होता. बाई बाकावर वाकल्या आणि एकदम हसल्या.

“अहो, हे तर माझंच काम! मी दाढ भरली की पेशंटला निळा कागद चावायला देते. डाग कुठे पडला ते बघून घासते.”

“पेशंटला विचारलं तर सांगत नाही का?” लेकीनं विचारलं.

“पेशंटचं काय खरं धरता! भूल उतरलेली नसते आणि म्हणतो, छान बसलंय डॉक्टर. खोटं बोलत नाही बिचारा, त्याला कळतच नाही. म्हणून मी त्याला विचारते, पण विश्वास कागदावर ठेवते.”

मास्तर केसाएवढं अंतर मोजायचं डायल गेज पुसत होते. हात थांबले. बाईंना काही सुचवायचं नव्हतं, दातांपलीकडे त्यांच्या मनातही काही नव्हतं. तरी मास्तरांना वाटलं, कुणीतरी आपल्याला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलंय.

“माझ्या वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर बसतात,” जाताना मात्र बाई म्हणाल्या. “सहज सांगितलं.”

“तुम्ही गाडीचं बघा, बाई,” मास्तर म्हणाले. पण कुठला मजला ते त्यांनी लेकीला नंतर दोनदा विचारलं.

तिसऱ्या शिमेला ठसा मधोमध आला. लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा, एकाही बाजूला न सांडता. मास्तरांनी दोन दातांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, गेजवर मोजला, डाव्या-उजव्या बेअरिंगच्या शिमा बदलून पुन्हा मोजला. काटा हवा तिथे थांबेपर्यंत त्यांनी लेकीला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली. रंगलेल्या दातावर चिकटपट्टी दाबली, सोलून काढली आणि ती ठशासकट पांढऱ्या कागदावर चिकटवली. खाली तारीख घातली.

“हे कशाला?” लेकीनं विचारलं.

“घडलं ते लिहून ठेवावं,” मास्तर म्हणाले. “आमच्या घरची सवय आहे.”

गुरुवारी, वीस तारखेला, गाडी पुन्हा चार चाकांवर उभी राहिली. लेकीनं सवयीनं किल्ली मास्तरांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. ते फिरून दुसऱ्या बाजूला गेले आणि शेजारच्या सीटवर बसले.

“शेवटच्या फेरीत शेजारी कुणी बसत नाही,” ती म्हणाली.

“मी कुणी नाही, मी सामान आहे. चल.”

चाळीस. पन्नास. मास्तर रस्त्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, भुवईकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे. साठ. तिनं पाय दाबला. चेहरा हलला नाही. सोडला. पुन्हा दाबला.

“काय?” मास्तर म्हणाले. “येतो का? बोल ना! थोडा येतो का?”

“बाबा, गप्प बसा. ऐकू द्या.”

चाळीस वर्षांत त्या फेरीत दुसऱ्याला गप्प करण्याचा हक्क फक्त मास्तरांचा होता. ते गप्प बसले. गाडी सत्तरला गेली, पुलावर चढली, पूल उतरली. तळहात त्यांनी सीटच्या मागच्या पत्र्यावर ठेवला होता. हाताला नुसती चाकांची सरळ, शांत थरथर लागत होती. आणि मग लेकीनं श्वास सोडला. किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे.

“नाही,” ती म्हणाली. “सूर नाही. बाबा, काही नाही. नुसती गाडी.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते खिडकीबाहेर बघू लागले, आणि तिनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आवारात त्यांनी डगल्याच्या खिशातून खडूचा अर्धा तुकडा काढून तिला दिला. तिनं काचेच्या कोपऱ्यात खूण केली. जरा वाकडीच आली.

“ठसा मी बघणार,” मास्तर म्हणाले. “फेरी तुझी. आणि माझी खूण चुकली असं वाटलं की आवारात उभी राहून ओरडायचं. सांगून ठेवतोय.”

“गिऱ्हाइकासमोर?”

“गिऱ्हाइकासमोर तर नक्की.”

संध्याकाळी डॉक्टरबाई गाडी घेऊन गेल्या. रविवारी आईला पुन्हा फिरवलं. आईला गाडीतच झोप लागली, असा निरोप आला. पुढच्या सोमवारी मास्तर दाढी करून, डगला घरी ठेवून त्या वरच्या मजल्यावर गेले. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबा म्हणाले. जाड आवाज सगळे टिपले, बारीक निम्मे सुटले. कानाच्या डॉक्टरांनी कागदावर खाली उतरत जाणारी रेघ दाखवून स्पष्टच सांगितलं, कानाच्या यंत्रानं माणसांचं बोलणं चांगलं ऐकू येईल, पण गिअरचा बारीक सूर पूर्वीसारखा येईल अशी आशा धरू नका.

“त्याला माणूस ठेवलाय,” मास्तर म्हणाले.

यंत्र लावून ते घरी आले तो शनिवार होता. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि थबकले. खाली उतरले, पुन्हा पाय ठेवला.

“ताई! ही पायरी कधीपासून कुरकुरते?”

“सात वर्षं होतील,” वरून ताई म्हणाल्या, नेहमीपेक्षा खूप हळू. “तारीख हवी का?”

मास्तर गॅरेजमध्ये जाऊन दोन पाने घेऊन आले.

शनिवार, ५ एप्रिल. ढगाळ, पाऊस नाही. भावाने जिन्याची चौथी पायरी घट्ट केली. रेडिओ चारवर. किटली एकदाच ठेवली. कानाच्या यंत्राचे सेल वरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी ठेवले आहेत.